खैरनारला सुचतं

खैरनारबद्दल चांगलं बोलायचं नाही असं मी फार पूर्वी ठरवलं. तशी गरजही नव्हती, कारण इतरांनी माझ्यासाठी काही शिल्लकच ठेवलेलं नाही. कंपनीत, कॉलनीत, गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात, एवढंच काय सायखेड्याला माझ्या सासुरवाडीतसुद्धा त्याचं नाव निघालं की माणसं आधी हसतात आणि मग म्हणतात, काय डोकं आहे हो त्या माणसाचं. त्या वेळी मी बहुधा शेजारीच उभा असतो. डोकं मलाही आहे. पण ते असं कोणाच्या तोंडी येत नाही.

आम्ही दोघं सातपूरच्या एका कंपनीत एकाच दिवशी लागलो. दोघंही डिप्लोमावाले, दोघांचा पगार सारखा, दोघांना एकाच मापाचे सेफ्टी बूट. तो सटाण्याकडचा, मी नाशकातलाच. त्याला मेंटेनन्सला टाकलं आणि मला इन्स्पेक्शनला. म्हणजे त्यानं मोडलेलं चालू करायचं आणि मी चालू असलेल्यात खोट काढायची. ही वाटणी ज्यानं केली त्याला माणसांची चांगलीच पारख असणार, असं माझी बायको शैला म्हणायची.

खैरनार उंचापुरा. डोक्यावर दाट केस, ते निवृत्त झाल्यावरही तसेच. अंगात पांढरा शर्ट, त्याला अत्तराचा वास. दिवसभर ग्रीसमध्ये हात घालणारा माणूस सकाळी पांढरा शर्ट घालून येतो आणि संध्याकाळी तो पांढराच घेऊन घरी जातो, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी खुर्चीवर बसून मायक्रोमीटर लावायचो आणि माझ्या बाह्या काळ्या. खिशात मात्र त्याच्या भंगाराचं दुकान असायचं. बॉलपेनच्या स्प्रिंगा, छत्रीच्या काड्या, केसांचे चाप, तुटक्या चेन. मंदा वहिनी, म्हणजे त्याची बायको, धुण्याआधी त्याचे खिसे परातीत उलटे करायच्या.

नम्रपणा त्याच्या अंगात औषधालाही नव्हता. एखादी वस्तू तयार झाली की तो ती टेबलावर ठेवायचा, वर रुमाल टाकायचा आणि माणसं गोळा करायचा. गोळा झालेली माणसं त्याला पुरेशी वाटेपर्यंत रुमाल निघत नसे. मग रुमाल उचलून तो ती वस्तू एकदाच चालवून दाखवायचा, मागे सरायचा आणि म्हणायचा, "द्या टाळी." लोक टाळी द्यायचे. मीही द्यायचो, कारण दिली नाही तर सगळे माझ्याकडे बघायचे.

सुचायचं कधी याला धरबंध नव्हता. बोलता बोलता तो मध्येच गप्प व्हायचा, समोरच्याच्या हाताकडे बघत राहायचा आणि स्वतःशीच म्हणायचा, "हाई शे." एरवी तो आमच्यासारखंच बोलायचा, पण सुचलं की सटाण्याची अहिराणी बाहेर यायची. हाई शे म्हणजे हे आहे. आमच्या एका सुपरवायझरचे वडील गेले तेव्हा तिरडीची दोरी आवळणाऱ्या माणसाकडे टक लावून बघत तो असाच "हाई शे" म्हणाला. चार लोकांनी डोळे वटारले. त्यातून पुढे बॉयलरच्या पायपांना पट्टी आवळायचा एक चाप निघाला, आणि तो कंपनीत अजून वापरतात असं ऐकतो.

माझ्या पोटात पहिल्यांदा दुखलं ते शकुंतलाबाईंच्या अंगठ्यावरून. आमच्याकडे इलेक्ट्रिकचे पॅनल जुळवायचं काम बायका करायच्या. पत्र्याच्या भोकात प्लास्टिकची क्लिप अंगठ्यानं दाबून बसवायची, की झालं. पण दिवसभर तेच. संध्याकाळपर्यंत अंगठे सुजायचे, आणि शकुंतलाबाईंचा तर नखाखाली काळानिळा पडलेला. तक्रार माझ्याकडे आली. मी अभ्यास केला. किती दाब लागतो ते मोजलं, हवेच्या दाबावर चालणाऱ्या हत्याराचं ड्रॉइंग काढलं. ते ड्रॉइंग सुंदर होतं, हे मी आजही म्हणेन. ते मंजुरीसाठी वर गेलं आणि वरच राहिलं.

दरम्यान खैरनारनं भंगारातल्या एका गाडीची गिअरची गोल मूठ आणली. तिच्या बुडाला क्लिप बसेल एवढी खाच पाडली. क्लिप खाचेत ठेवायची, मूठ तळहाताखाली घ्यायची आणि अंगाचा भार टाकायचा. अंगठ्याचं काही कामच नाही. रुमाल उचलला, एक क्लिप बसवली, टाळी झाली. वस्तूचं नाव त्यानं "शकुंतला" ठेवलं. ज्या माणसासाठी बनवली त्याचं नाव वस्तूला द्यायचं ही त्याची रीतच होती. शकुंतलाबाई लाजून हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी मेथीचे ठेपले घेऊन आल्या. अभ्यास मी केला होता.

मी हटलो नाही. तीच मूठ मी पोलादात करवून घेतली, खाच घासून तंतोतंत केली, वर क्रोमचा मुलामा. कंपनीच्या सूचना योजनेत तिला पहिलं बक्षीस मिळालं, साहेबांच्या हातून प्रशस्तिपत्रक मिळालं, ते अजून आमच्या हॉलमध्ये आहे. पण बायका वापरायच्या ती खैरनारची गिअरची मूठ. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, सर, तुमची थंडीत फार गार लागते हो. बक्षीस मला आणि वापर त्याचा, असं आमचं पुढेही अनेकदा झालं. लोकांना वाटतं बक्षीस मिळालेल्या माणसाला हेवा कशाचा? त्यांनी कधी कपाटात नवंकोरं पडलेलं स्वतःचं हत्यार बघितलेलं नसतं.

शैलाला तो आवडायचा हे सांगायला हवं. वावगं काही नाही. पण तो आला की ती भजी तळायची, आणि मी रोजच घरात असल्यामुळे मला पोळी-भाजी असायची. तो तिचं पोळपाट डगमगतं ते बघायचा, कुकरची शिट्टी बघायचा, आणि जाताना यातलं काहीतरी काखेत मारून नाहीतर खिशात घालून न्यायचा. आठवड्यानं ते परत यायचं तेव्हा ते आधीचं राहिलेलं नसायचं. त्याच्या स्वतःच्या घरचा नळ मात्र मंदा वहिनींनी चिंधीनं बांधलेला. घरच्या नळाला टाळी कोण देणार?

सायखेड्याला त्याला शैलाच घेऊन गेली. माझ्या मेहुण्याची, संपतची, तिथे द्राक्षाची बाग आहे. माल बाहेर पाठवायचा म्हणजे घडावर ऊन पडून मणी गुलाबी होऊन चालत नाही, म्हणून प्रत्येक घडाला कागद गुंडाळून वर स्टेपलरची पिन मारतात. पेठकडच्या बायका टोळीनं येऊन हे काम करतात. एका हातानं घड सांभाळायचा, एका हातानं कागद धरायचा आणि पिन मारायला तिसरा हात आणायचा कुठून? बायका स्टेपलर काखेत, दातात, खांद्यावर धरून कसंबसं निभवायच्या. खैरनार मांडवाखाली वाकून उभा राहिला, दहा मिनिटं त्यांच्याकडे बघत राहिला आणि मला ऐकू येईल असं म्हणाला, "हाई शे." संपतच्या बागेत मी बारा पावसाळे जातोय. मला आजवर तिथे द्राक्षं दिसली होती.

पंधरवड्यानं तो मनगटावर बांधायचा स्टेपलर घेऊन आला. तळहाताखाली बसणारा, बोटं मोकळी ठेवणारा, जोरकस स्प्रिंगचा. नुसतं मनगट दाबलं की पिन बसायची. रुमाल, माणसं, टाळी सगळं झालं. संपतच्या आईनं, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, त्याला ओट्यावरची खुर्ची दिली. ती खुर्ची जावयाची होती. त्यानं पिशवीभर आणलेले तसले स्टेपलर मनगटांना बांधून बायका कामाला लागल्या आणि कागद भराभर चढू लागले.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत बायकांनी ती यंत्रं हातातून काढून नीट ओळीनं बांधावर ठेवली आणि जेवून उठल्यावर पुन्हा जुने स्टेपलर उचलले. खैरनार चमकला. टोळीची मुकादम होती ती हसत म्हणाली, "भाऊ, लय चांगलं हाय. पण कानात ठोकल्यावानी वाजतं. डोकं उठलं समद्यांचं." घड डोक्याच्या उंचीला लोंबतात. खैरनारनं ते यंत्र तपासलं होतं घरच्या टेबलावर, छातीच्या खाली. बागेत त्याचा प्रत्येक फटका बायकांच्या कानाशी बसत होता.

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. परतीच्या वाटेवर गाडीत मी गप्प बसून ते बरं वाटणं जपून आणत होतो. पण सोमवारी कंपनीत जाऊन बघतो तर खैरनार कँटीनमध्ये टेबलावर चढून तीच गोष्ट सांगतोय. आपण कसे खुर्चीत बसलो, सासूबाईंनी कसा चहा दिला, आणि दुपारी बायकांनी यंत्रं कशी ओळीनं झोपवली. मुकादमबाईची नक्कल करून दाखवली. माणसं पोट धरून हसत होती. आणि शेवटी हा म्हणतो काय, "द्या टाळी." पुढच्या खेपेला त्यानं स्लिपरच्या रबराचा तुकडा आत चिकटवला, आवाज बंद झाला, आणि संपतच्या बागेत आज तीच यंत्रं आहेत.

त्याच्या डोक्याचा हेवा मी एक वेळ गिळला असता. खरा जळफळाट या दुसऱ्या गोष्टीचा होता. माझं एक ड्रॉइंग एकदा शेरा मारून परत आलं तेव्हा मी आठवडाभर कँटीनला गेलो नव्हतो, डबा टेबलावरच खाल्ला. त्याला चूक लागतच नाही. पाण्यात बुडवून काढलेल्या अळूच्या पानासारखा तो कोरडा बाहेर येतो आणि वर लोकांना हसवतो. असं जगणाऱ्या माणसाशी स्पर्धा करायची तरी कशी?

आम्ही दोघंही निवृत्त झालो आणि मला वाटलं, सुटलो. आता ना टेबल ना टाळी. पण आमची कॉलनी एकच, इंदिरानगरला दोन गल्ल्या सोडून त्याचं घर. आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात शैलाला अर्धांगाचा झटका आला.

ती वाचली. बोलणं परत आलं, चालणं परत आलं. डावा हात तेवढा परत आला नाही. तो तिच्या अंगाला होता, पण तिचं ऐकत नव्हता. ही बाई जन्मभर शाळेत शिकवायला गेली, कडक इस्त्रीची साडी, खांद्यावर पिन, एक निरी इकडची तिकडे नाही. तिला नातेवाईक येऊन सांगायचे, आता गाऊन घालत जा, सुटसुटीत. ती मान हलवायची आणि ते गेल्यावर मला म्हणायची, कपाटातून साडी काढा.

साडी ती एका हातानं कशीबशी नेसायला शिकली. ब्लाउजचे हुक तिला जमेनात. एका हातानं हुक धरला की दुसरी पट्टी पळून जायची. ते काम माझ्याकडे आलं. सुरुवातीला मायक्रोमीटर धरणाऱ्या बोटांना तो इवलासा हुक सापडेना. ती समोर उभी राहून सूचना करायची, खालून सुरू करा, ओढू नका, टोचतंय. हळूहळू जमलं. मग सूचना संपल्या आणि ती दुसरं बोलायला लागली. शाळेतल्या बायांचं, तिच्या आईशी एकदा झालेल्या भांडणाचं, लग्न ठरलं तेव्हा मी तिला कसा शिष्ट वाटलो होतो त्याचं. एवढ्या वर्षांच्या संसारात आम्ही इतक्या जवळ उभे राहून इतका वेळ कधी बोललो नव्हतो. माझ्या नजरेसमोर तिचा गळा असायचा, आणि बोलताना तो हलायचा. स्पष्टच लिहितो, मला ते आवडायला लागलं. रात्री झोपताना सकाळची वाट बघावी असं माझ्या आयुष्यात पूर्वी काही नव्हतं.

आणि एका संध्याकाळी खैरनार भेटायला आला. भजी नव्हती, मीच चहा केला. तो शैलाशी गप्पा मारत होता आणि मारता मारता गप्प झाला. तिच्या डाव्या हाताकडे बघत होता. मग त्यानं सरळ विचारलं, "वहिनी, ब्लाउजचं कसं करता?"

असा प्रश्न परक्या बाईला कोणी विचारतं का? पण शैलाला काहीच वाटलं नाही. हे लावून देतात, म्हणाली. मी घाईनं म्हणालो की आमचं छान चाललंय, काही अडचण नाही, आणि अगदीच लागलं तर हल्ली ती व्हेल्क्रोची चिकटपट्टी मिळते, ती लावून घेऊ. शैलानं माझ्याकडे बघितलं. चिकटपट्टी मी आधीच एका ब्लाउजला लावून घेतली होती. संपतच्या मुलीच्या लग्नात ती शैला घालून गेली, कशावरून तरी मोकळेपणी हसली, आणि चर्रकन आवाज झाला. उरलेलं लग्न ती तोंड मिटून बसली होती.

"वहिनींनी काय घालायचं ते वहिनी ठरवतील," खैरनार म्हणाला. "आपण पक्कड बदलायची जाधवराव, माणूस नाही."

तेव्हा शैला जे बोलली ते माझ्याकडे न बघता बोलली. "भाऊजी, मला एकदा दार लावून तयार व्हायचंय."

मी कप उचलून आत गेलो. ओट्याशी उभा राहून ते धुतले, पुसले, पुन्हा धुतले. बाहेरून त्याचा आवाज आला. "हाई शे."

पुढचा महिनाभर त्यानं काय केलं ते मंदा वहिनींकडून कळलं. शैलाला करून दाखवा म्हणायची सोय नव्हती, म्हणून हा बाबा मंदा वहिनींचा जुना सैलसर ब्लाउज बनियनवर घालून, डावा हात कमरेच्या पट्ट्यानं अंगाशी आवळून, आरशासमोर तासन् तास उभा राहायचा. एकदा बेल वाजली तेव्हा तसाच दार उघडायला गेला. दूधवाला पिशवी उंबऱ्यावर ठेवून जिना उतरला आणि त्यानंतर दूध खालच्या मजल्यावर ठेवायला लागला. शैला हे ऐकून इतकी हसली की डोळ्यांतलं पाणी तिनं उजव्या हातानं पुसलं. मी हसलो नाही. माझ्या बायकोच्या हुकांसाठी दुसरा माणूस ब्लाउज घालून उभा राहतो आणि मला ते सुचत नाही, यात हसण्यासारखं काय आहे? मला सुचत नव्हतं कारण मला सुचायला नको होतं. तो माझ्या घरातली एकच गोष्ट उचलून खिशात घालून घेऊन चालला होता, आणि ती बरोबर माझीच होती.

वस्तू साधी निघाली. एक फीत, तिच्या एका टोकाला रबर लावलेला चिमटा. फीत परकराच्या नाडीत अडकवायची आणि चिमटा ब्लाउजच्या डाव्या पट्टीला लावायचा, म्हणजे पट्टी पळत नाही. मग उजव्या हातात एक लाकडी दांडी, टोकाला वाकवलेली तार, तिनं काज ओढून हुकावर आणायचं. या वेळी रुमाल नव्हता आणि नावही नव्हतं. बाईमाणसाच्या आतल्या वस्तूला नाव नको, म्हणाला. शैलाला गॅलरीत नेऊन त्यानं नुसत्या कापडावर समजावलं. मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो, म्हणजे धरून बसलो होतो.

जाताना तो माझ्यापाशी थांबला. म्हणाला, "वरचा एक हुक राहिला बघ. तिथे गळ्याचा काप तिरका येतो, चिमटा घसरतो आणि फीतही पोचत नाही. बाकीचे वहिनी लावतील, तो एक तू लाव."

हे ऐकून माझं मन अक्षरशः नाचलं. खैरनारला जमलं नाही! जन्मभर दुसऱ्यांची मापं तपासणाऱ्या मी हे माप तपासलं नाही, त्याचा शब्द तसाच उचलला. दुसऱ्या दिवसापासून शैला दार लावून तयार व्हायला लागली. आत बराच वेळ खुडबुड चालायची. पहिल्या दिवशी ती बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लावून दिलेल्या हुकांनी कधी आलं नव्हतं, ते मला दिसलं आणि लागलंही. पण गळ्याशी एक हुक उघडा होता. ती माझ्यापुढे येऊन उभी राहायची, हनुवटी वर करायची. एका हुकाला वेळ किती लागणार? मी तो पुरवून पुरवून लावायचो, आणि तीही काहीतरी बोलायला काढायची. बाहेर मात्र मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगत होतो, खैरनारचं यंत्र तसं बरं आहे, पण वरचा हुक काही त्याला साधला नाही. बाजारात सांगितलं, कंपनीतल्या जुन्या लोकांच्या चहाला सांगितलं. खैरनार समोर असला तरी सांगायचो. तो मान हलवायचा. हो ना, तिथे अडलंच आपलं, म्हणायचा.

मग संपतकडे बागेच्या कामासाठी मला मुक्कामाला जावं लागलं. उद्या संध्याकाळी येतो असं सांगून गेलो, आणि काम लवकर आटोपलं म्हणून सकाळच्या पहिल्या गाडीनं परत आलो. बेल वाजवली. शैलानं दार उघडलं. साडी, पिन, कुंकू, सगळं जागच्या जागी. आणि वरचा हुक लावलेला.

मी हुकाकडे बघितलं. तिनं मी बघितलेलं बघितलं.

शेजारीण येऊन गेली का, असं मी विचारलं. ती खोटं बोलणाऱ्यांतली नाही. आत गेली आणि साड्यांच्या घडीतून दुसरी फीत काढून घेऊन आली. पहिलीसारखीच, पण लांब, खांद्यावरून मागे घ्यायची, आणि तिच्या चिमट्याला दात होते म्हणून तो तिरक्या कापावरही घसरत नव्हता. खैरनारनं दोन्ही फिती एकाच दिवशी दिल्या होत्या.

"भाऊजी म्हणाले, ही तो घरी नसेल तेव्हा वापरा," शैला म्हणाली. "एरवी वरचा एक त्याला राहू द्या."

"आणि तू राहू दिलास?"

"मला दार लावून तयार व्हायचं होतं. तुम्ही नको होतात असं कुठे म्हटलं मी?"

मी फीत हातात घेतली, सवयीनं खिशातली मोजपट्टी काढून मोजली. पोचत होती. चांगली दोन बोटं जास्तच होती. माझ्या डोक्यात काय आलं ते लिहितो, कारण दुसरं काही आलंच नाही. तेवढंही त्यालाच सुचावं? माझ्या बायकोला काय हवं ते त्याला कळलं, ठीक आहे. मला काय हवं तेही त्यालाच कळावं? आणि वर इतके महिने गावभर मी त्याची नाचक्की करत हिंडलो, ती या माणसानं माझ्यासमोर मान हलवून ऐकून घेतली. टाळीसाठी टेबलावर चढणारा माणूस! मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता, आणि शैला समोर उभी होती.

त्याला गाठून विचारायचं असं ठरवलं आणि रोज पुढे ढकललं. तेवढ्यात मंदा वहिनींनी सांगितलं की ते दोघं सटाण्याला राहायला चाललेत. मोठा भाऊ थकला होता, शेतीकडे बघायला माणूस हवा होता. शिवाय खैरनारनं तिकडे कांद्याच्या गोण्यांची तोंडं शिवणाऱ्या लोकांचे हात बघितले होते.

ते निघाले त्या दिवशी सकाळी मी गेलो. दारात छोटा हत्ती टेम्पो उभा होता. भांडीकुंडी थोडी आणि लोखंड फार. मंदा वहिनी ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या, मांडीवर देवांचा डबा. खैरनार मागे चढून सामानावरची दोरी आवळत होता. शर्ट पांढरा. कॉलनीतले लोक निरोप देऊन बाजूला झाले तेव्हा मी टेम्पोच्या फळीजवळ गेलो.

"वरच्या हुकाला फीत पोचते," मी म्हणालो.

तो दोरी आवळतच राहिला. "कोण म्हणतं?"

"मी मोजली."

त्यानं माझ्याकडे बघितलं. हसला नाही. "मग मापात चुकला असशील, जाधवराव."

एवढ्या नोकरीत मला हे वाक्य कोणी ऐकवलं नव्हतं. साहेबांनी नाही, गिऱ्हाइकानं नाही. ऐकवायची कोणाची छातीही नव्हती. मी तोंड उघडलं. पट्टी माझ्या खिशात होती, आकडा माझ्या जिभेवर होता. तो वाट बघत होता, दोरीचं टोक हातात घेऊन.

"असेल," मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली आणि ड्रायव्हरला हाक दिली. टेम्पो हलला तेव्हा तो लोखंडाच्या ढिगात मांडी घालून बसला होता आणि नुकतीच मारलेली गाठ सोडून ती काहीतरी वेगळ्या पद्धतीनं बांधून बघत होता. लोक हात हलवत होते. मी टेम्पो वळेपर्यंत थांबलो नाही. शैलाची तयार होऊन बाहेर यायची वेळ झाली होती.